गप्प बसलेला ससा आणि दोन मांजरं

नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्याकडे दोन मांजरं आहेत. भुऱ्या चार वर्षांचा बोका, नसबंदीचं ऑपरेशन झालेला. टिकली नऊ महिन्यांची, घरातच वाढलेली. पंधरा दिवसांपूर्वी मुलीच्या वाढदिवसाला तिच्या मामाने दोन महिन्यांचा ससा आणून दिला. नर की मादी माहीत नाही, मुलीने नाव ठेवलंय बर्फी. पिंजरा हॉलमध्ये आहे, मुलीची खोली वेगळी आहे. भुऱ्या पिंजऱ्यासमोर तासन्‌तास बसून असतो, पण पंजा मारत नाही. बर्फीही घाबरत नाही, कोपऱ्यात शांत बसते. आता पिंजरा उघडायला हरकत आहे का? सासूबाई म्हणतात, आज ना उद्या मांजर तिला खाणारच, कुणाला तरी देऊन टाका. मुलगी रडते. काय करू?"

ताई, पिंजरा आज उघडू नका. आणि जमलं तर हे वाचायच्या आधीच तो हॉलमधून उचलून दार लागणाऱ्या खोलीत नेऊन ठेवा.

तुमच्या पत्रातल्या एका शब्दाशी मी थबकले. तो शब्द म्हणजे "शांत". तेवीस वर्षं दवाखाना चालवतेय, त्यात मांजराच्या तावडीत सापडलेले ससे पुष्कळ पाहिले, आणि त्यांच्या बहुतेक मालकांनी मला हाच शब्द ऐकवला आहे. कुत्रं घाबरलं की भुंकतं, मांजर फिस्कारतं, पोपट घर डोक्यावर घेतो. ससा घाबरला की थिजतो. हललं नाही तर शिकाऱ्याला आपण दिसणार नाही, हे त्याच्या रक्तात आहे. पळायला जागा असेल तर तो पळेल, बिळात शिरेल. पिंजऱ्यात त्याला दोन्ही शक्य नाही. मग उरतं ते अंग आखडून कोपऱ्यात बसणं, आणि आपल्याला ते शांत बसणं वाटतं.

आता बर्फीजवळ जाऊन नीट बघा. कान पाठीला चिकटलेत का? डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय का? चारही पाय पोटाखाली घेऊन गोळा होऊन बसलीय का? सशाचं नाक एरवी सारखं हलत असतं, ते हलायचं थांबलंय का? मांजर समोर असताना यातलं काही दिसत असेल तर ती बहुधा घाबरलेली आहे. निर्धास्त ससा वेगळाच दिसतो. मागचे पाय लांब सोडून एका कुशीवर पसरतो, पुढच्या पायांनी तोंड धुतो, कान पुढे ओढून चाटतो. कधी कधी तर असा धपकन आडवा पडतो की नवख्या माणसाला वाटावं, मेलाच की काय.

माझी एक साधी परीक्षा आहे. मांजर दिसेल अशा अंतरावर असताना सशापुढे कोथिंबिरीची काडी धरायची. खाल्ली तर तेवढं अंतर त्याला झेपतंय. वास घेऊन सोडून दिली किंवा तिकडे पाहिलंच नाही, तर अंतर कमी पडतंय. भेदरलेला ससा खात नाही. पुढे जे सांगणार आहे, त्यात पुढचं पाऊल टाकायचं की मागे यायचं हे ठरवायला ही काडी रोज उपयोगी पडेल.

न खाणं एवढं गंभीर का, तेही समजून घ्या. सशाचं आतडं दिवसरात्र चालतं राहावं लागतं. भीतीने ते मंदावतं, आत वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही, आणि या फेऱ्यात दीड-दोन दिवसांत ससा दगावू शकतो. म्हणजे मांजराने केसालाही धक्का न लावता ससा मरू शकतो. एकदा एक कुटुंब दोन दिवस न खाल्लेला ससा घेऊन आलं. अंगावर कुठे ओरखडासुद्धा नव्हता. लेंड्या मिरीच्या दाण्याएवढ्या बारीक झाल्या होत्या आणि त्या दिवशी तर तीन-चारच पडल्या होत्या. घरात मांजर आहे का, असं विचारल्यावर त्यांनी कौतुकाने मोबाईलवर फोटो दाखवला. पिंजऱ्याच्या छतावर मांजर गाढ झोपलेलं, आणि खाली ससा. "बघा, किती प्रेम आहे!" मी फोटो मोठा करून त्यांना सशाचे कान दाखवले, पाठीवर सपाट पडलेले. शिकारी प्राणी डोक्यावर झोपलाय आणि जायला जागा नाही, असे तीन आठवडे त्या सशाने काढले होते. सलाईन दिलं, सिरिंजने भरवलं, पिंजरा दुसऱ्या खोलीत गेला, आणि तो वाचला.

भुऱ्या पंजा मारत नाही यावरही विसंबू नका. शिकार करणारं मांजर आधी टक लावून बघतं, मग दबा धरतं, झेप घेतं आणि मानेचा चावा घेतं. तासन्‌तास बघत बसणं ही त्यातली पहिली पायरी आहे. शेपटीचं फक्त टोक वळवळतंय, बाहुल्या मोठ्या झाल्यात, मागचा भाग किंचित डुलतोय, तोंडातून कटकट असा आवाज येतोय (खिडकीतल्या चिमणीकडे बघून करतात तसा), तर तो शिकारीच्या तयारीत आहे. पोट भरलेलं मांजर शिकार करत नाही ही समजूत खोटी आहे. भूक आणि शिकार या त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेवून उठलेला बोका पाल मारून तशीच टाकून देतो, हे आपण घरोघरी बघतोच.

तरीही सासूबाईंच्या "खाणारच" याला मी मान डोलावणार नाही. मांजरं आणि ससे एका घरात वर्षानुवर्षं नीट राहिलेले मी पाहिलेत. पण ते तीन गोष्टींवर अवलंबून असतं: सशाचं वजन, मांजराचा स्वभाव, आणि सशाला हवं तेव्हा निघून जाता येतं की नाही.

वजनाचं आधी. दोन महिन्यांचं पिल्लू बहुधा किलोच्या आतच असतं, आणि बाजारात तर महिन्या-सव्वामहिन्याची पिल्लं दोन महिन्यांची म्हणून खपवली जातात. भुऱ्याच्या डोळ्यांना ते मोठ्या घुशीएवढं सावज दिसणार. माझा नियम असा की ससा दीड किलोच्या वर जाईपर्यंत मांजराबरोबर एका जमिनीवर सोडायचा नाही, माणूस समोर असला तरीही नाही. आपल्याकडचे पांढरे, लाल डोळ्यांचे ससे पूर्ण वाढले की दोन किलोपासून चार-पाच किलोपर्यंत जातात. बर्फी भुऱ्याएवढी झाली की चित्र बदलेल. तोपर्यंतचे तीन-चार महिने वाया जात नाहीत, खरी ओळख बंद दाराआडून त्याच काळात होते.

मांजराच्या स्वभावाचा अंदाज तुम्हालाच जास्त चांगला असेल. भुऱ्या बाल्कनीत आलेली कबुतरं पकडतो का? आजवर उंदीर, पाल, चिमणी आणून टाकली आहे का? पटाईत शिकारी असेल तर त्याला आणि सशाला एका खोलीत आणायचा हट्ट धरू नका, दोन खोल्यांत दोघं सुखाने जगतील. टिकलीचा प्रश्न निराळा. ती अल्लड आहे, तिला मारायचं नसेल, खेळायचं असेल. पण सशाच्या दृष्टीने पाठलाग तो पाठलागच, आणि पळणाऱ्या वस्तूमागे धावताना मांजराचा खेळ कधी शिकारीत बदलतो ते मांजरालाही कळत नाही. नऊ महिन्यांच्या टिकलीचं ऑपरेशन झालं नसेल तर तेही उरकून घ्या.

आता जागा. आपल्या घरच्या पाळीव सशाचा पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीत बिळं करून राहणारा. आपल्या शेतात दिसतो तो काळ्या मानेचा ससा याहून वेगळा, तो बीळ करत नाही, गवतात दडून बसतो. (ओघात आलंय म्हणून सांगते: तुमच्या भागात द्राक्षबागेत, उसात कुणाला रानसशाचं पिल्लू सापडलं तर घरी आणू नका. ती पिल्लं जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, आई त्यांना दिवसभर एकटं ठेवते, ती पोरकी झालेली नसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा पाळायला बंदी आहे.) तर बर्फीच्या पूर्वजांच्या बिळाला एकाहून जास्त तोंडं असायची. एका तोंडातून मुंगूस किंवा साप शिरला तर दुसऱ्या तोंडातून निसटायचं. म्हणून सशाला लपायला जे काही द्याल त्याला दोन दारं हवीत. पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या, समोरासमोरच्या दोन बाजूंना ससा जाईल पण बोक्याला अंग आक्रसावं लागेल एवढी भोकं पाडा. एकच दार असलेल्या खोक्यात ससा शिरला आणि मांजर दारात येऊन बसलं, तर त्या खोक्याचा सापळा होतो.

बाजारातला लोखंडी पिंजरा झोपण्यापुरता ठीक, पण दिवसभर राहायला लहान पडतो. त्याच्या जाळीच्या तळावर ससा सतत बसला की पायाच्या तळव्यांना जखमा होतात, म्हणून तिथे पुठ्ठा आणि सुक्या गवताचा जाड थर घाला. त्यापेक्षा चांगलं म्हणजे मुलीच्या खोलीचा एक कोपरा तिला द्या. खोलीच्या दाराच्या चौकटीत बसेल असं जाळीचं दुसरं दार सुताराकडून करून घ्या. त्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावायला सांगा. कोंबड्यांची षटकोनी जाळी नको, ती वाकते आणि तिच्यातून पंजा आत जातो. मच्छरजाळी तर भुऱ्या एका दुपारीत फाडेल. हे जाळीचं दार हा या सगळ्यातला सर्वांत उपयोगी खर्च आहे.

बाल्कनीत पिंजरा ठेवायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. ग्रिलमधून बाहेरचे बोके येतात, कावळे टोचतात. आणि नाशिकचा एप्रिल-मे सशाला सोसत नाही. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो, कारण त्याला घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही नीट जमत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. उन्हाळ्यात थंड पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, कान ओल्या हाताने पुसा.

पहिले दोन आठवडे दार बंदच राहू द्या. मांजराला आत येऊ द्यायचं नाही आणि सशाला दाखवायचंही नाही. फक्त वासाची देवाणघेवाण करायची. एक जुना पंचा भुऱ्याच्या गालांवर, हनुवटीखाली चोळा आणि बर्फीच्या खोलीत ठेवा, पण तिच्या खाण्याजवळ नको, लांबच्या कोपऱ्यात. बर्फीच्या अंगाखालचं मूठभर गवत भुऱ्याच्या जेवणाच्या जागेपासून हातभर अंतरावर ठेवा. पंचा दिसताच बर्फी मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटेल, तो तिचा धोक्याचा इशारा. पाय आपटणं थांबलं आणि पंच्याजवळून ती सहज जाऊ लागली की पुढे सरका. कुणाकडे हे चार दिवसांत होतं, कुणाकडे महिना लागतो. घाई करू नका.

त्यानंतर दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. इकडे मांजरांना उकडलेल्या चिकनचा तुकडा, तिकडे बर्फीला मेथी-कोथिंबीर. मधे बंद दार. मग तेच जाळीच्या दारातून, पण जाळीवर खालून अर्ध्यापर्यंत चादर टाकून. मग चादर थोडी थोडी वर करत. दर वेळी पाच-दहा मिनिटं पुरे. आणि सगळं सुरळीत चाललेलं असतानाच थांबवायचं. कुणीतरी बिचकल्यावर थांबवलं तर तो बिचकलेला क्षणच दोघांच्या लक्षात राहतो. भुऱ्या टक लावून बसला तर त्याला ओरडू नका, पाणी मारू नका. ससा दिसला की आपल्याला शिक्षा होते असं त्याच्या मनात बसलं तर सशाबद्दल रागच वाढेल. त्याला हाक मारा, दोरीचं खेळणं दाखवा, आणि तो वळून तुमच्याकडे आला की लगेच खाऊ द्या. नजर काढून घेतली की चिकन मिळतं, एवढं त्याला समजलं की अर्धं काम झालं.

एका जमिनीवरची पहिली भेट बर्फी दीड किलोची झाल्यावर, आणि टिकलीचं व बर्फीचं ऑपरेशन झाल्यावर. सशाचं ऑपरेशन लोक टाळतात, पण या घरात ते हवंच. नर असेल तर चार-पाच महिन्यांचा झाल्यावर तो तुमच्या पायांभोवती गोल फिरू लागेल, मांजराच्या अंगावर चढेल, त्याची शेपटी तोंडात धरेल. मग मांजराने फटका दिला तर चूक मांजराची कशी म्हणायची? सशाने मांजराला घरभर पळवलं आणि नखाने त्याचा डोळा दुखावला, असंही मी पाहिलंय. मादी असेल तर ऑपरेशन तिच्या स्वतःच्या जिवासाठीच करा, कारण तसंच ठेवलेल्या सशाच्या माद्यांत चार वर्षांनंतर गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण फार मोठं असतं. ऑपरेशन सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडेच करा आणि आधी विचारा, "रात्रीपासून उपाशी ठेवायचं का?" मांजराला ठेवतात. सशाला ठेवायचं नसतं, त्याला उलटी होतच नाही आणि उपाशी राहिला की आतडं थांबतं. "हो, ठेवा" असं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना शोधा.

भेटीच्या दिवशी आधी मांजराची नखं कापा (पुढे दर दोन आठवड्यांनी), खेळवून खेळवून त्याला दमवा, मग जेवू घाला. एका वेळी एकच मांजर, आधी जे शांत ते. त्याला पट्टा घाला. गळ्यातला नको, छातीवरून बसणारा, आणि त्याची सवय आधीच आठवडाभर लावून घ्या. मांजर तुमच्याजवळ, पट्टा हातात. ससा मोकळा, त्याची दोन दारांची खोकी खोलीत दोन-तीन ठिकाणी मांडलेली. यायचं तर ससा येईल. त्याला उचलून मांजरापुढे धरायचं नाही, कधीच नाही. अधांतरी धरलेला ससा भेदरून मागच्या पायांनी अशी लाथ मारतो की त्याचाच कणा मोडतो. सशाच्या शरीरात सांगाड्याचा वाटा वजनाच्या जेमतेम ८ टक्के, मांजराच्या शरीरात तो १२-१३ टक्के. हाडं हलकी आणि मांड्यांचे स्नायू दणकट, म्हणून हे होतं. "ओळख करून द्यायला" मांडीवर धरलेले दोन ससे माझ्याकडे मागचे पाय लुळे पडून आले. दोघांनाही मी उभं करू शकले नाही.

पहिल्या भेटीत काहीच घडलं नाही, मांजर पेंगलं आणि ससा गवत खात बसला, तर ती उत्तम भेट. फोटो काढण्याजोगं काही घडावं अशी अपेक्षाच ठेवू नका. महिनाभर असंच चाललं की पट्टा जमिनीवर सोडा, पण अंगावर राहू द्या. पुढे तोही काढा. पण तुम्ही त्याच खोलीत हव्यात, आणि मोबाईल बाजूला हवा. ससा एकदम दौडला आणि मांजर ताठ झालं तर दोघांच्या मधे उशी किंवा मोठा पुठ्ठा सरकवा. हात घालू नका.

एकत्र वर्ष झालं, एकमेकांना चाटतात, तरीही रात्री आणि घरात कुणी नसताना मधलं दार बंद. हा नियम मी कुणालाही शिथिल करू देत नाही. पहाट आणि तिन्हीसांजा ही दोघांचीही अंगात वारं शिरायची वेळ, ससा उड्या मारतो आणि मांजर धावत सुटतं. फटाके वाजले, भांडं पडलं, ससा बिथरून पळाला, की वर्षाची ओळख त्या एका क्षणात मांजराच्या डोक्यातून पुसली जाते. दिवाळीचे चार दिवस दोघांना एकत्र आणूच नका.

लहान लहान गोष्टींतूनही घात होतो, त्या पटापट सांगते. मांजरांचं खाणं ओट्यावर किंवा कपाटावर ठेवा. सशाला ते चविष्ट लागतं, पण त्यातली प्रथिनं आणि चरबी त्याच्या पोटाला घातक. त्याच्या खाण्यात मुख्य भाग गवताचाच हवा. हरळी, म्हणजे गणपतीच्या दूर्वा, ससा आनंदाने खातो आणि मांजरंही कुरतडतात, त्यामुळे एक कुंडी दोघांसाठी लावायला हरकत नाही, फवारणी केलेली नसली म्हणजे झालं. गाजर अगदी बोटाच्या पेराएवढं, तेही कधीमधी. पोळी, बिस्किट बंद. मांजरांची माती ज्या डब्यात असते त्यात ससा जाता कामा नये. गोळा होणारी बेंटोनाइटची माती खाल्ली तर ती पोटात फुगून आतडं अडवते. शिवाय मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूचा संसर्ग सशाला होऊ शकतो. ते जंतू बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून डबा रोज साफ करा. सशाच्या डब्यात वर्तमानपत्र आणि त्यावर गवत पुरतं. मांजराला गजकर्ण झालं तर ते सशाला आणि मुलीलाही होऊ शकतं, केस गळून गोल चट्टा दिसला की दोघांना वेगळं करा आणि दाखवा.

गोचीड-पिसवांच्या औषधाबाबत मात्र मला थांबून सांगायचंय, कारण ही चूक चांगली काळजी घेणारी माणसंच करतात. मांजराच्या मानेवर लावायचे जे थेंब मिळतात त्यांत पुष्कळदा फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक असतं. मांजराला ते चालतं. सशाला त्याने झटके येतात, मृत्यूही येतो. "मांजराला लावतच होते, उरलेले दोन थेंब सशालाही लावले" हे वाक्य मी ऐकलंय. तुम्ही भुऱ्याला लावलंत आणि बर्फीने त्याची मान चाटली, तरी धोका आहे. असं औषध लावलं की दोन दिवस दोघं पूर्ण वेगळे. त्यापेक्षा डॉक्टरांना आधीच सांगा की घरात ससा आहे. सेलामेक्टिनसारखं औषध वजनाप्रमाणे दोघांनाही देता येतं. आणि कुत्र्यांसाठीच्या पर्मेथ्रिनच्या पावडरी, थेंब या घरात आणूच नका, ते मांजरांना विष आहे.

आता शेवटची, पण पाठ करून ठेवण्याजोगी गोष्ट. मांजराने बर्फीला पकडलं, अगदी एक क्षण पकडून सोडलं, तरी "काही लागलेलं दिसत नाही" म्हणून घरी थांबू नका. दवाखाना नवा होता तेव्हा एक मुलगा संध्याकाळी ससा घेऊन आला, मांजराने तोंडात धरला होता म्हणाला. मी वरवर चाचपलं, रक्त नव्हतं, ससा बसला होता. उद्या आण म्हणाले. तो तिसऱ्या दिवशी आला तेव्हा सशाचं अंग गार पडलं होतं. पाठीवरचे केस काढले तर टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं, आणि भोवती तळहाताएवढी काळीनिळी कातडी. मांजराचे सुळे सुईसारखे, भोक बारीक पडतं आणि लगेच मिटतं, पण तोंडातले पाश्चुरेलासारखे जंतू खोल आत सोडून जातं. सशाचा पू पातळ नसतो, लोण्यासारखा घट्ट असतो, तो आपोआप बाहेर येत नाही. तो ससा मी त्या संध्याकाळीच केस कापून तपासायला हवा होता. तेव्हापासून मांजराच्या तोंडातून सुटलेला कुठलाही ससा मी केस काढून बघितल्याशिवाय आणि अँटिबायोटिक सुरू केल्याशिवाय घरी सोडलेला नाही.

तसं झालंच तर घरी एवढंच करा: टॉवेलात गुंडाळा, अंधाऱ्या खोक्यात ठेवा, रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, आणि त्याच तासात निघा. हळद भरू नका, जखम झाकली जाते. डेटॉल लावू नका. घरातल्या औषधांच्या डब्यातलं ॲमॉक्सिसिलिन तर चुकूनही पाजू नका. माणसांना आणि मांजरांना चालणारं हे औषध सशाला तोंडावाटे दिलं की त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं, आणि औषधानेच ससा जातो. सशाला चालणारी अँटिबायोटिक वेगळी आहेत, ती डॉक्टर देतील. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणं आहे, हेही या निमित्ताने लक्षात असू द्या. आणि कुठल्याही कारणाने बर्फीने बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळची वाट बघायची नाही.

राहिला देऊन टाकण्याचा प्रश्न. बर्फीला दार लागणारी खोली मिळत असेल, दिवसातून तीन-चार तास मोकळं फिरता येत असेल आणि रात्री दार लावायची जबाबदारी कुणी घेणार असेल, तर ठेवा. मांजरांशी तिची कधीच ओळख झाली नाही तरी काही बिघडत नाही. तिची सोबतीची गरज मांजर भागवूही शकत नाही, ती दुसरा ससा भागवतो, आणि तो विचार दोघांची ऑपरेशनं होईतो लांब ठेवा. एकाच खोलीचं घर असतं, किंवा तुम्ही दोघं दिवसभर बाहेर आणि सगळी जनावरं एकत्र, असं असतं, तर मी सासूबाईंचंच ऐका म्हणाले असते. तुमच्या पत्रावरून मुलीची स्वतंत्र खोली आहे असं दिसतं, म्हणून मी सांगतेय की जमेल.

मुलीला एक वही द्या. रोज सकाळी बर्फीचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून त्यात लिहायचं. लेंड्या कालच्याएवढ्याच मोठ्या आहेत का, कोथिंबीर खाल्ली का, तेही लिहायचं. पहिलं वजन आजच घ्या. बर्फी दीड किलोची झाली की ती वही आणि बर्फी दोन्ही घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे जा, नर की मादी ते पाहून घ्या आणि ऑपरेशनची तारीख ठरवा.